शटरबाहेरचा माणूस

नाशिकरोडला एका बंद पडलेल्या दुकानाच्या गाळ्यात आमच्या छोट्या चर्चची रविवारची उपासना भरते. एक माणूस निफाडकडून यायचा आणि शटरपाशी, अगदी शेवटच्या खुर्चीवर बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. गाणी मात्र डोळे मिटून, मनापासून म्हणायचा.

आमच्या प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीत, वाइन नसते. मनुका भिजवून, गाळून केलेलं गोड पाणी असतं. छोटा प्याला हातात आला की तो आधी वास घ्यायचा, मगच प्यायचा. मला ते खटकायचं. प्रभूच्या मेजावरचं कोणी हुंगतं का?

यंदाच्या उन्हाळ्यात एका रविवारी त्याने वास घेतला, प्याला तसाच खाली ठेवला आणि बाहेर गेला. मी मागोमाग गेले.

"आंबलंय, ताई." तो म्हणाला. "आमच्या गावच्या चर्चमध्ये खरी वाइन देतात, म्हणून तर हितं येत होतो. लय दारू पिलोय मी. प्रभू विसरतो, जीभ नाय विसरत."

मी आमच्या पाळकांना, उपासना चालवणाऱ्या पास्टरांना, सांगितलं. "उन्हाळ्यात एवढं चालायचंच," ते म्हणाले. "माणसाचा विश्वास हवा."

तेव्हापासून तो बाहेर पायरीवर बसू लागला. गेल्या रविवारी ऊन आत येतं म्हणून पाळकांनी शटर जवळजवळ खालपर्यंत ओढलं. फटीतून त्याच्या चपला तेवढ्या दिसत होत्या आणि गाण्यातला त्याचा आवाज येत होता. प्याल्यांचं तबक फिरू लागलं, तसा तो आवाज थांबला. मी वाकून पाहिलं. पायरी मोकळी होती.