कुणी आडवं होऊ नये म्हणून

बातम्या छापून संपतात. छापता न येणारं सगळं चहाच्या टपरीवर साठत जातं. आमच्या बातमीदारांच्या टपरीवर हल्ली एकच माल जमतोय: वस्तू! प्रत्येक डिझाइनमागे म्हणे विचार असतो. असतोच. फक्त तो कुणाविरुद्ध केलाय, तेवढं शोधायचं.

*

एका साहेबांच्या केबिनमध्ये भेटायला येणाऱ्यांच्या खुर्च्यांचे पुढचे पाय मुद्दाम तासलेले. माणूस सारखा घसरतो, वैतागतो, उठून जातो. तक्रार निकालात!

आमचा फोटोग्राफर बशीर दोनदा घसरला आणि सरळ फरशीवर मांडी घालून बसला.

"अहो, खुर्चीवर बसा!"

"नको साहेब. हितनं खाली पडायची भीती न्हाय!"

*

हायवेवरच्या एका हॉटेलात तांबड्या रश्श्याला नव्या वाट्या आल्या. बाहेरून भरदार, आतून बूड वर उचललेलं. चार चमच्यांत तळ दिसला. बशीरनं वाटी उपडी ठेवली.

"मालक, ह्या अंगानं वाढा. हिकडं जास्त मावतंय!"

*

बशीरची अम्मा मणक्याच्या दुखण्यानं बेजार. उभं राहवत नाही, फार वेळ बसवत नाही. आडवं पडलं तरच जिवाला आराम. तिला दवाखान्यात न्यायला निघालो, तर नव्या बसथांब्यावर बाकच नाही, नुसता टेकायला तिरका पाइप. छप्पर उंच, कारण वर जाहिरात. सावली रस्त्याच्या मधोमध!

मी तिथूनच थांबा बांधणाऱ्या इंजिनिअरला फोन लावला, स्पीकरवर.

"सावली पडते ना? मग झालं तर!"

अम्मा म्हणाली, "पडतीया की! पण तिच्यात उभं ऱ्हायाचं तर बसखाली जावं लागतंय!"

*

दवाखान्यातही नवा वेटिंग हॉल. स्टीलचे लांब बाक, आणि दर दोन सीटच्या मध्ये पक्का दांडा. अम्माचा नंबर दुपारनंतर. ती दांडा घट्ट धरून वाकडी बसलेली. मी व्यवस्थापकाला गाठलं.

"हा दांडा कशाला?"

"हात टेकायला," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "नाहीतर लोक झोपतात हो! बरं दिसत नाही."

आजारी माणूस आडवा झालेला बरा दिसत नाही. दवाखान्यात!

त्याच दिवशी हॉलचं उद्घाटन होतं. पाहुणे एकेकाळचे गाजलेले पैलवान, आता पुढारी. रिबन कापून फोटोसाठी ते बाकावर बसले, ते उठेचनात! दोन दांड्यांमध्ये कंबर अडकलेली. चौघांनी ओढून पाहिलं. अखेर वेल्डर आला आणि त्यानं करवतीनं दोन्ही दांडे कापले.

व्यवस्थापक हात जोडत बशीरकडं धावला. "फोटो छापू नका, प्लीज!"

बशीरनं कॅमेरा माझ्या हातात दिला, अम्माला अलगद उचललं आणि त्या मोकळ्या बाकावर निजवलं.

"ओ! इथं झोपता येत नाही!" व्यवस्थापक ओरडला.

पैलवान कंबर चोळत मागं वळले.

"आता येतंय की!"