पळसाचा फोटो

रंगीत फोटो म्हणजे लग्नाचे अल्बम, असं मी चारचौघांत ऐटीत म्हणत असे. माझा सगळा जीव कृष्णधवल रोलवर. माघ-फाल्गुनात पानगळ झाली, की कॅमेरा गळ्यात अडकवून मी फुलंब्रीकडच्या डोंगरातलं जंगल गाठायचो. उघडे साग, सालईच्या गुळगुळीत फांद्या, खाली वाळल्या पानांचा खच. मला दुसरं काही लागायचं नाही.

त्या वर्षी बायको अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं, आणि तिला ते न सांगताही कळलं होतं. तिचं माहेर त्याच डोंगराच्या पायथ्याशी. मी निघालो तेव्हा ती म्हणाली, बांधावरचा पळस फुलला असेल, तेवढा बघायचाय. आजारपणात तिनं मागितलेली ही एकच गोष्ट.

दोन तास मी त्या पळसाखाली काढले. पान एकही नाही, झाड फुलांनी लालभडक. आभाळ गडद यावं म्हणून भिंगावर लाल फिल्टर चढवला. त्यानं लाल फुलं पांढरी येतात, हे मला पाठ होतं. पण फोटो कुणासाठी काढतोय, हेच मी विसरलो होतो.

घरी आल्यापासून ती फोटो मागू लागली. रोलमधले छत्तीस फोटो पुरे झाल्याशिवाय तो धुवायचा नाही, हा माझा नेम. अकरा शिल्लक होते. ती रोज विचारायची, मी रोज थांब म्हणायचो. तीन आठवडे गेले. त्या अकरा फोटोंचा मला आजही संताप येतो.

शेवटी न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावून मी तो फोटो तयार केला. तिनं उजेडाकडे धरून पाहिला.

"पांढरा पळस गावला व्हय तुम्हाला? लोक त्याच्यापायी रानोमाळ हिंडतेत, खाली धन असतं म्हणून."

ती हसली, म्हणून मीही हसलो आणि फांद्या कशा उठून दिसतात ते समजावू लागलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग फोटो उशाशी ठेवून म्हणाली, "एक डहाळी मोडून आणली असती तरी झालं असतं की."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेलो. फुलं गळून मातीत काळी पडली होती. खाली बसून मी ती हातानं चाळत राहिलो, एखादं तरी लाल उरलं असेल म्हणून.

घरी आलो. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि कूस बदलली.