बोहनीचं विमान

जहिराची जीभ तिखट, हे नगरच्या कापडबाजारामागच्या त्या गल्लीत कुणीही सांगितलं असतं. गिऱ्हाइकानं पतंग हातात घेऊन उगीच कामटी वाकवून पाहिली, की ती म्हणायची, "घ्यायचा असेल तर घ्या, मोडायचा असेल तर घरचा मोडा." माणसं हसायची आणि पतंग घेऊन जायची. अहो, घ्यायचीच! तिच्या हातचा पतंग कधी गिरकी खायचा नाही. बापाच्या घरी ती कागद कापायला शिकली, लग्न होऊन नूरमहंमदच्या घरी आली, तर तिथंही खळ, कागद आणि कामट्याच. दिवाळी सरली की संक्रांतीपर्यंत तिला मान वर करायला सवड नसायची. अशी ही तोंडाळ बाई आयुष्यात एकदाच, नेमकं बोलायला हवं होतं तेव्हा, गप्प बसली.

बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती. लढाईच्या दिवसांत सगळं नगर काचांना काळे कागद चिकटवून, आभाळाकडं कान लावून बसलं होतं. लढाई संपली, कागद निघाले, पण माणसांच्या डोक्यातली विमानं काही उतरेनात. पतंग घ्यायला आलेला माणूस आधी विचारायचा, "विमान हाय का?"

नूरमहंमद मुळातच हौशी. त्यानं पतंगाच्याच कामट्यांची आणि कागदाची विमानं करायला घेतली. नाकावर पंखा, पोटात रबर. रबराला पीळ द्यायचा आणि सोडायचं. नवशिक्याला तो हेच द्यायचा. रुंद पंखांचं, हलकं, सावकाश जाणारं. "पहिलं विमान पडणारच," तो सांगायचा, "मग स्वस्तातलं पडू द्या की! कागद फाटला तर खळ लावा." हात बसला की मग सुती दोऱ्यांचं, गोल फिरवायचं. आणि दुकानात सगळ्यांत वर टांगलेलं एक होतं, ते पुण्याच्या कुणा हौशी माणसाकडून त्यानं जुनं म्हणून उचलून आणलेलं. त्याला खरं इंजिन होतं. दोऱ्यांच्या जागी दोन लांबलचक बारीक पोलादी तारा, आणि त्या तारा उडवणाऱ्याच्या हातातल्या लोखंडी मुठीला बांधलेल्या. मूठ वर कलवली की विमान वर, खाली कलवली की खाली. जमिनीवर उभ्या माणसाचं ते मुकाट ऐकायचं.

जहिराला ते विमान डोळ्यांसमोर नको होतं. मागच्या पावसाळ्यात गल्लीतल्या खांबावरून एका वायरमनला खाली उतरवलेलं तिनं पाहिलं होतं. त्याचा काळा पडलेला हात पाहिल्यापासून तार दिसली की ती वळसा घालून जायची. पतंगाचा दोर विजेच्या तारेत अडकला तर माणूस हिसका देऊन तोडतो आणि घरी जातो. पण हातातच पोलादाची तार असली तर? तिनं नवऱ्याला दोनदा सांगितलं, "हे परत द्या." तो म्हणाला, "देतो की." आणि दिलं नाही. नवऱ्यांचं हे असंच!

संक्रांतीच्या आधी, दुकानाची फळी नुकतीच उघडली होती आणि मच्छिंद्र दारात उभा राहिला. देवळाली प्रवऱ्याचा हा गडी ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. पतंगात त्याचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. दरवर्षी तो जहिराच्या हातचेच पतंग न्यायचा आणि दुसऱ्यांचे कापून यायचा. आज मात्र त्यानं पतंगांकडं पाहिलंसुद्धा नाही.

"नूरभाई, यंदा इमान पायजे."

"हे घ्या." नूरमहंमदनं रबराचं पुढं केलं. "पहिल्यांदा हेच बरं."

मच्छिंद्रनं ते तळहातावर तोललं आणि खो खो हसला. "आवो, ह्ये घिऊन गावात गेलो तर मान्सं मला झबलं घालत्याल! सोडल्यावर ज्ये ऐकत न्हाई त्ये काय कामाचं? त्ये वरचं काढा."

नूरमहंमदनं ते काढलं. मच्छिंद्रच्या डोळ्यांत जी काही चमक आली! जहिरा कागद कापता कापता थांबली.

"मच्छिंद्रभाऊ, उडवणार कुठं हे?"

"आमच्या माळावर, भाभी. मोकळा हाय."

"वरून विजेच्या तारा गेल्यात का?"

"एका कडंला हायेत. हिरीवरच्या मोटारीसाटी नवी लाईन टाकलीया. पर तिच्यात अजून करंट कुठाय? नुसतीच कावळ्यांची बसायची सोय!"

जहिरानं कात्री खाली ठेवली. ओठांपर्यंत शब्द आले होते: भाऊ, हे नेऊ नका, ह्यानं मराल. पण नूरमहंमदनं तिच्याकडं पाहिलं, आणि ते पाहणं तिला कळलं. बोहनी व्हायची होती. बोहनीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, रिकामं पाठवायचं नाही, आणि त्याच्यापुढं मरणाचं तर नावच काढायचं नाही, हा त्या दुकानाचा कायदा. कायदा नवऱ्याचा नव्हता हो, तिचाच होता! नूरमहंमद कधी चुकला तर तीच दिवसभर त्याच्या डोक्यावर मिरे वाटायची.

तिनं कात्री उचलली आणि कागद कापायला लागली. नूरमहंमदनं भाव थोडा उतरवला, मच्छिंद्रनं दिलेल्या नोटा कपाळाला लावल्या आणि म्हणाला, "पण मी आल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही."

"मंग या की! संक्रांतीला दोगंबी या. आमची रतन तिळगूळ करतीया."

मधले दिवस जहिराला गोड लागले नाहीत. खळीचं पातेलं करपलं. उगीचच शेजारणीशी भांडण झालं. आपण त्याला सांगायला जावं, असं तिला रोज सकाळी वाटायचं आणि रोज गिऱ्हाइकांच्या गर्दीत ते राहून जायचं. तिथं गेल्यावर सांगू, उडवायच्या आधी सांगू, अशी ती मनाची समजूत घालत राहिली.

संक्रांतीला एसटीनं दोघं देवळालीला पोचली. मच्छिंद्र घरी नव्हता, माळावर गेला होता. नूरमहंमद तसाच तिकडं निघाला. जहिरा त्याच्या मागं जाणार, तोच मच्छिंद्रच्या बायकोनं, रतनबाईनं, तिचा हात धरला. सणाच्या दिवशी पाहुणी उभ्या उभ्या जाते म्हणजे काय! तिळगूळ झाला, चहा झाला. जहिरानं अर्धा चहा तसाच ठेवला.

मग दोघी बांधाबांधानं माळाकडं निघाल्या. चालता चालता जहिराला घरघर ऐकू आली. शेतातल्या विहिरीवर पाण्याची जाड धार पडत होती.

"वहिनी, हे इंजिन तेलाचं आहे ना?"

"तेलाचं कुटलं! इजेची मोटर हाय, दिराची. कालच्याला करंट आला." रतनबाईचं तोंड आनंदानं फुललं होतं. "मला म्हनले, वैनी, तुमच्या हातानं बटन दाबा. म्या दाबलं, भाभी!"

"मच्छिंद्रभाऊंना माहीत आहे?"

"त्ये कालपास्नं कारखान्यावर उसाच्या रांगेत नंबरला हुते. ऊस रिकामा करून आज आले, त्ये सरळ माळावर."

जहिरा पळत सुटली. एक चप्पल बांधावरच राहिली. रतनबाईला काही उमगेना, पण तीही मागं पळाली.

माळावर सगळं गाव लोटलं होतं. नूरमहंमदनं जागा नीट पाहून दिली होती, तारांपासून लांब, मधोमध मच्छिंद्रला उभं केलं होतं आणि बजावलं होतं, "पाय हलवायचे नाहीत. जागच्या जागी फिरायचं." इंजिन किंचाळत होतं, विमान भोवती फिरत होतं, आणि मच्छिंद्र राजासारखा उभा होता. दोन फेऱ्या झक्क झाल्या. मग वारा शिरला. विमान आत ओढलं गेलं, तारा सैल पडल्या.

अशा वेळी पतंगवाला काय करतो? मागं पळतो. दोर सैल पडला की पाय आपोआप मागं पडतात, नजर आभाळात असते आणि पाठीमागं काय आहे ते तो बघतच नाही. मच्छिंद्रनं जन्मभर तेच केलं होतं. तो मागं पळाला. गावालाही पतंगच ठाऊक, लाईनीत कालपासून करंट आहे हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. "मागं सर! आनखी मागं! वडून धर!" सगळे एका सुरात ओरडत होते आणि तो त्यांचं ऐकून मागं मागं चालला होता, त्या लाईनीकडं.

"करंट आहे!" जहिरा ओरडत होती. "भाऊ, करंट आहे!" एवढ्या मोठ्या तोंडाची बाई, पण त्या गलक्यात तिचा आवाज कुणापर्यंत गेला नाही. नूरमहंमदच्या ध्यानात आलं, तो हात पसरून धावला, पण मच्छिंद्रनं मूठ उंच केली होती. तारांना ताण बसला. विमान ऐटीत वर चढलं, आणि त्याची पोलादी तार लाईनीला टेकली.

मोठा आवाज असा झालाच नाही. मच्छिंद्र उभ्या उभ्या आडवा झाला. तिकडं विहिरीवरची मोटर बंद पडली. माळावरचा गलका थांबला, आणि त्या शांततेत रतनबाईनं विचारलं, "काय झालं? पडलं का इमान?"

दहाव्याला दोघं पुन्हा देवळालीला गेली. नूरमहंमद बाहेर पुरुषांत खाली मान घालून बसला. जहिरा आत रतनबाईपाशी टेकली. रतनबाईनं तिचा हात आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. बायका उठून गेल्यावर ती हळूच म्हणाली, "भाभी, येक इचारते. खरं सांगा. त्ये इमान घेताना, ह्ये नेऊ नका, तारंचं नेऊ नका, आसं त्यांना कुनी म्हनलं हुतं का?"

मी म्हणाले होते, असं सांगणं किती सोपं होतं! मेलेला माणूस काही उठून नाही म्हणणार नव्हता.

"नाही, वहिनी. मला भीती वाटत होती. अगदी ओठांवर आलं होतं. पण मी नाही बोलले."

रतनबाईनं मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाई, सांगितलंत. मला वाटायचं, तुमी सांगितलं आसंल आन् त्यांनीच हट्ट केला आसंल. धा दिस त्यांनाच शिव्या देत हुते मी, भाभी. मेलेल्या मानसाला."

मग तिनं जहिराचा हात मांडीवरून उचलून बाजूला ठेवला आणि उठून आतल्या खोलीत गेली.