समुद्र नसलेल्या गावाची जाळी

युक्रेनच्या पश्चिम सीमेवरच्या कस्टम नाक्यावर स्तेफानिया ह्नातिवला सत्तावीस वर्षं झाली होती. नोकरी पगारासाठी धरली खरी, पण ती रमली दुसऱ्याच्या खोक्यात काय दडलंय हे बघायच्या हौसेपायी.

लढाईच्या तिसऱ्या वर्षी नवे नियम आले. कुठला ट्रक उघडायचा हे आता संगणक ठरवणार. लाल दिवा लागला की गाडी उघडायची, हिरवा लागला की न उघडता पुढे. यामुळे चिरीमिरी थांबेल, हे तिला पटत होतं. तरी हिरवी गाडी निघाली की तिचा जीव चुटपुटायचा.

मार्चमधल्या एका सकाळी लाल दिवा लागला. कागदावर लिहिलं होतं: मासेमारीची जुनी जाळी, चार टन, मदत म्हणून. जाणार होती खार्किवकडच्या एका गावाला.

"तिथे समुद्र कधी आला रे?" तिनं ड्रायव्हरला, ओस्तापला, विचारलं.

"रस्त्यावर बांधतात, बाई. खांबांवरून ताणतात. ड्रोन येऊन अडकतो."

स्तेफानिया लगेच ट्रकमध्ये चढली. खारट, कुबट वास. गाठींत शिंपल्यांचे तुकडे. तिनं एक दोरा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. हाताला वळ उठला, दोरा तसाच.

"हे कुठल्या माशासाठी?"

"मला काय ठाऊक? मी बटाटे वाहणारा माणूस!"

मदत म्हणून सोडायच्या मालाच्या यादीत जाळं कुठेच नव्हतं. तिनं थेट त्या गावाच्या नगरपालिकेत फोन लावला. केवढ्या उंचीवर बांधता? ड्रोनचा पंखा अडकतो की पाय? तिकडच्या इंजिनिअरबाई हौसेनं सांगत राहिल्या.

"गाडी सोडताय की ड्रोन बनवायला शिकताय?" ओस्ताप वैतागला.

"गप बस. न समजता सही करू?"

तिनं सगळं कारण लिहून गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी कीवच्या मुख्य कचेरीतून विचारणा आली: कशाच्या आधारावर? तिनं इंजिनिअरबाईंकडून रस्त्याचा फोटो मागवून पाठवला. आठवड्याभरात जाळी यादीत चढली आणि पुढचे सगळे ट्रक हिरव्या दिव्यावर निघून गेले. तिला एकही उघडता आला नाही.

मे महिन्यात तिनं रजा टाकली आणि देशाच्या त्या टोकापर्यंत रेल्वेनं गेली. इंजिनिअरबाई न्यायला आल्या होत्या. दवाखान्याच्या रस्त्यावर वर जाळी, खाली सायकली, बस, भाजी घेऊन निघालेल्या बाया. स्तेफानिया मान वर करून बराच वेळ बघत राहिली.

"आणि बर्फ पडलं की?" तिनं विचारलं.

"जाळी लोंबतात की. मग लांब काठ्या घेऊन सगळे झाडायला येतो. हिवाळ्यात या, तुमच्याही हातात एक देऊ."