हॉटेलाची पाठ

तळ्याकाठच्या पायवाटेवर एक मावशी मला रोज मागे टाकतात. माझा वेग बघता ते कुणालाही जमतं. पुढे गेल्या की गर्रकन वळून उलट्या चालत बोलतात. "पाठीसंगं काय बोलायचं? तोंड दिसाय पायजे की." नाव विचारायचं राहूनच गेलंय, मी तोंड उघडेपर्यंत त्या लांब गेलेल्या असतात.

या वाटेला लागून हॉटेल होणार आहे. त्याचा आराखडा दाखवायला आर्किटेक्टने आम्हा चालणाऱ्यांना बोलावलं होतं. रस्त्याकडे काचा आणि कारंजं. आमच्या वाटेकडे भटारखाना, धुराचे पंखे, कचऱ्याचे डबे. मी खिशातून भाषण काढेपर्यंत मावशी उठल्या, खुर्ची फिरवली आणि आर्किटेक्टकडे पाठ करून बसल्या.

"मावशी, काही चुकलं का?"

"न्हाय की. तुमी बोला."

बिचारा दोन वाक्यं बोलला आणि अडखळला. "असं पाठीशी कसं बोलू?"

"आमाला बी आता रोज सकाळी हाटेलाची पाठच की, बाळा."

सगळे हसले, तोही हसला. नव्या आराखड्यात भटारखाना बाजूला सरकलाय. वाटेकडे दार, कडुलिंबाची सावली आणि बसायला कट्टा आलाय.

आज सकाळी ही बातमी सांगायला निघालो, तर त्याच मला गाठून वळल्या. "कळलं मला. कट्टा तेवढा नको हुता. तुमी आता तितंच बसणार."

मी नाही म्हणणार होतो, पण आधी श्वास घ्यायला थांबलो. तोवर मावशी पुढे गेल्या होत्या, आणि पाठीशी बोलायचं नसतं, एवढं मी शिकलोय.