पाच चिलाप्या आणि महिनाभराचे पप्पा

आमच्या घरात वर्षाचे अकरा महिने काही म्हणजे काही घडत नाही. शाळा, डबा, उसाला पाणी, झालं. बाराव्या महिन्यात आमचे हे फौजेतनं सुट्टीवर येतात आणि किस्से इतके साचतात की मैत्रिणी ग्रुपवर रोज विचारतात, "आज काय केलं गं तुझ्या नवऱ्यानं?" यंदा आम्ही पोरींना घेऊन आयुष्यात पहिल्यांदा मासे धरायला गेलो. त्या एका रविवारचंच एवढं साचलंय की सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

*

आधी मासे धरायला का गेलो ते सांगते. थोरली श्रेया नऊ वर्षांची. तिचं काही नाही, बाप आला की त्याच्या बॅगेत डोकं घालून बसते. प्रश्न धाकटीचा. ऊर्वी, साडेपाच वर्षांची. फोनवर बापाशी तासभर गप्पा मारेल, पण बाप समोर आला की थेट आजीच्या पदरामागं! यांनी हाक मारली की ओ नाही. चॉकलेट दिलं तर ते श्रेयाच्या हातून घेणार. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. यांचं जेवण कमी झालं. मला रोज तोच घोर, की महिना संपेल आणि हा माणूस पोरीचा एक शब्द समोरासमोर न ऐकता परत जाईल.

मग यांनी शक्कल लढवली. गच्चीवर जाऊन खाली माझ्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला. ऊर्वी एकदम खूश. शाळेतलं, मांजराचं, सगळं सांगून झालं आणि मग आवाज बारीक करून म्हणते, "पप्पा, आमच्या घरात एक माणूस आलाय. तुमचं बनियन घालून फिरतो."

हे बराच वेळ गच्चीवरनं खाली आलेच नाहीत.

*

संध्याकाळी जेवताना यांनी जाहीर केलं, रविवारी मासे धरायला जायचं, सगळ्यांनी. मी म्हटलं, तुम्हाला येतात का धरायला? तर म्हणाले, "मासं घावलं न्हाईत तर न्हाईत. पोरगी दोन तास शेजारी बसंल, बोलंल कायतरी."

रविवारी पहाटे उठून मी डबा केला.

*

जागा ठरली आमच्या गावापलीकडचा पाझर तलाव. कऱ्हाडातनं गळ आणि दोरी आणली होती, काठी शेतातल्या बांबूची. मासे धरायचे म्हणजे एका जागी गप बसायचं, एवढं तर मलाही कळतं. पण या माणसाला गप बसता येतं का? गळ टाकला, दोन मिनिटं झाली, "हितं न्हाई" म्हणून उचलला. पलीकडं बाभळीखाली गेलो. तिथंही नाही. मग सांडव्याजवळ. आम्ही तिघी चटई, डबा, पाण्याच्या बाटल्या घेऊन मागं मागं. मी विचारलं, अहो, मासे धरताय का गस्त घालताय?

सातव्या जागी श्रेयानं चटई अंथरलीच नाही. काखेत धरून उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, मासे बसलेत एका जागी. आपणच पोहतोय."

*

माझंही काही बरं नव्हतं म्हणा. माझं माहेर सांगलीकडं, कृष्णाकाठचं. आमच्याकडं नदीत मगर दिसली ही बातमी भाजी महागल्यासारखी सांगतात. त्यामुळं पाणी दिसलं की मला आधी मगरच दिसते. एका हातानं ऊर्वीचा फ्रॉक, दुसऱ्या हातानं श्रेयाची वेणी धरून मी बसले. हे सारखे सांगत होते, "आगं, हा तलाव हाय. मगर काय एष्टीनं येती का?"

एवढ्यात पाण्यात काळं काहीतरी वर आलं. दोन नाकपुड्या! मी अशी किंचाळले की बगळे उडाले, यांच्या हातातली काठी पाण्यात पडली. पलीकडं बांधावर एक धनगर आजोबा निवांत बसले होते. ते उठलेसुद्धा नाहीत. तिथनंच म्हणाले, "बाई, म्हस हाय ती. दोन्ही टायमाला दूध देती."

काठी काढायला हे पँट वर करून पाण्यात उतरले ते माझ्याकडं न बघताच.

*

दोन तास झाले तरी एक मासा नाही. कणकेचे गोळे संपले, गांडुळं संपली, यांचं तोंड उतरलं. ऊर्वी बापापासनं चांगली दहा फूट लांब बसून आपली भाकरी खात होती. खाता खाता एक तुकडा पाण्यात टाकायची, एक तोंडात. मी दटावणार, तोच बघते तर तिच्या पुढ्यातलं पाणी नुसतं खळबळतंय. तिनं यांच्याकडं बघितलं. तोंडातनं शब्द नाही, नुसतं बोट पाण्याकडं.

यांनी गळाला भाकरी लावली आणि तिथं टाकला. अर्ध्या तासात पाच चिलाप्या, तळहाताएवढ्या! श्रेया नाचतीय, हे नाचतायत. ऊर्वी बादलीत वाकून बघत होती. बोलली मात्र नाही.

*

वाटेत यांनी मसाला घेतला. घरी आलो तर सासूबाई दारातच. बादलीत बघितलं आणि विचारलं, "आज काय हाय?"

"रविवार," हे म्हणाले.

"संकष्टी हाय. सकाळधरनं माझा उपास हाय. जायच्या आधी कुणी इचारलं का मला?"

मासे न्हाणीतल्या पिंपात गेले. सोमवार महादेवाचा. मंगळवार देवीचा. मोकळा निघाला थेट बुधवार. गुरुवार परत देवाचा आणि शुक्रवारी तर यांची गाडी. म्हणजे खायचे तर बुधवारीच.

तोवर दोन्ही पोरींचा मुक्काम न्हाणीत. आंघोळी अंगणात, दप्तर पिंपाशेजारी. श्रेयानं पाचांचीही नावं ठेवली. एकाचं नाव सुभेदार.

बुधवारी सकाळी मी मसाला वाटला. हे बाह्या सरसावून न्हाणीत गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले ते रिकाम्या हातानं. खाली मान घालून म्हणाले, "आई, त्यास्नी नावं ठेवल्यात."

सासूबाईंनी यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "एवढा फौजी गडी. जा, अंडी आण जा."

त्या मसाल्यातली अंडी लय भारी झाली होती.

*

गुरुवारी संध्याकाळी मासे सोडायला परत तलावावर गेलो. उद्या सकाळी यांची गाडी. बॅग भरून दारात ठेवली होती. महिनाभरात ऊर्वी यांच्याशी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती आणि आता उरली होती ती एक रात्र. मला रडूच येत होतं, पण पोरींसमोर कसं रडणार.

यांनी काठावर बसून बादली कलती केली. चार मासे सुळकन गेले. पाचवा गेला नाही. काठालगत वीतभर पाण्यात तिथंच थांबला, शेपूट हलवत. आधीच यांना धीर नाही. हात घालून बोटानं त्याला पुढं ढकलायला लागले, जा की रं, जा.

माझ्या हातातनं ऊर्वीचा हात सुटला. ती चालत गेली ती बापाला खेटून बसली आणि यांचं मनगट धरलं.

"ढकलू नका पप्पा. जाईल तो. तुम्हीपण जाताना बुटाची नाडी किती वेळ बांधत बसता."