साडूंची उन्हातली परीक्षा

माझ्या थोरल्या साडूंनी जन्मात एखादी वस्तू नुसती विकत घेतली असेल, तर मी मिशा उतरवून देईन. त्यांच्याकडे वस्तू आधी परीक्षेला बसते. ते दिल्लीत सरकारी नोकरीत होते. देशाच्या सीमेवर लावायचे कॅमेरे, दुर्बिणी खरेदीआधी तपासायचे, हे त्यांचं काम. एसी हॉलमध्ये टाळ्या मिळवलेला एक कॅमेरा म्हणे वाळवंटात भरदुपारी आंधळा झाला आणि साडूंनी अख्खी खरेदी अडवली. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद: "यंत्राले एसीत काय इचारता? उन्हात इचारा!" निवृत्त होऊन ते वाघांच्या जंगलाला लागून असलेल्या, मोहर्लीजवळच्या आपल्या गावी परतले आणि हा नियम घरालाही लागू झाला. नवी छत्री उघडून ते आधी विहिरीवरच्या मोटारीच्या धारेखाली बसतात. लेकीला पाहायला आलेल्या मुलाला तर त्यांनी ऐन मे महिन्यात पंखा बंद करून तासभर बसवलं. मुलगा घामाने निथळत हसत राहिला. "हा टिकते," साडू आत येऊन म्हणाले. खरंच, इतका गुणी जावई आमच्या गोतावळ्यात दुसरा नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावाला वाघाची चाहूल देणारं यंत्र मंजूर झालं. जंगलाच्या कडेला कॅमेरा; त्यात वाघ दिसला की भोंगा वाजणार. गावच्या समितीने तपासून सही केल्याशिवाय खरेदी पक्की होणार नव्हती, आणि समितीवर आमचे साडू! ठेकेदाराने ग्रामपंचायतीच्या पडवीत यंत्र मांडलं, त्याचा माणूस पट्ट्यापट्ट्यांची चादर पांघरून रांगला, भोंगा कडाडला. सगळे सही करायला सरसावले. साडू म्हणाले, "आता हे मोहाखाली न्या." त्या मोहाच्या झाडाखाली त्यांची बायको, आमची अक्का, रोज सकाळी फुलं वेचते, जंगलाकडे पाठ करून, ऊन चढेपर्यंत. आदल्या वर्षी शेजारच्या गावातली एक बाई अशीच वेचताना वाघाने नेली होती.

तिथे उन्हात साडूंनी स्वतः चादर पांघरली आणि पोट सावरत रांगू लागले. मध्येच डरकाळीही फोडली, तिने फक्त बकऱ्या पळाल्या. गाव हसून लोळलं. भोंगा गप्प. ठेकेदार म्हणाला, "साहेब, मशीन हुशार आहे. तुम्ही वाघ नाही हे तिला कळतं."

"बाप्पा! मंग पडवीत तुमच्या मानसाले वाघ काऊन समजली?"

सही झाली नाही. नवं यंत्र येईपर्यंत भोंग्याचं काम साडूंनीच पत्करलं. रोज सकाळी मोहाखाली खुर्ची टाकून ते स्टीलची थाळी बडवत बसायचे. अक्का कुरकुरायची, "अवो, वाघाचं जाऊ द्या, माह्या कानाचं का करू?" अखेर नवं यंत्र आलं. साडू पुन्हा भर उन्हात रांगले, आणि भोंगा असा वाजला की ते स्वतःच दचकून चादरीत गुरफटले. त्यांनी सही केली आणि घरी येऊन थाळी मांडणीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथेच होतो. साडू ओट्यावर चेहरा पाडून बसले होते. अक्का टोपली घेऊन निघाली, थबकली, आणि तिने ती थाळी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"आता कायले? मशीन पास झाली ना."

"झाली. पन नोकरीभर तुमी सीमेपायी दिल्लीले राह्यले, अन् मी एकटीच मोह वेचत होतो. चला आता."

साडूंनी थाळी उलटसुलट करूनही पाहिली नाही, तशीच उचलली आणि तिच्यामागे निघाले. थोड्या वेळाने मोहाकडून थाळीचा आवाज आला, आणि माझे डोळे उगीचच भरून आले.